शेवटी येईल त्यानं कडी लावायची

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही. आधी पोटभर हसून घे: जिला रिमोटची बटणं दाखवून दाखवून तू थकलास, त्या तुझ्या बहिणीनं मोबाइलवरचा एक खेळ बनवलाय. स्वतः! चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की व्हिडिओ बघायचे आणि घरी येऊन करून बघायचं, असं शिकले. दुकानाचे मालक म्हणाले, या वयात हे काय खूळ. म्हटलं, खूळ तर खूळ.

कारण आई. आपलं घर रस्तारुंदीत गेलं, हे तिला आता आठवत नाही. दिवसभर ती या फ्लॅटमध्ये बरी असते, पण दिवेलागण झाली की पिशवीत टॉवेल आणि कंगवा भरून दाराशी उभी. घरी जायचंय म्हणते. समजावून काही उपयोग नाही. मी समजावते आणि ती माझ्याकडे परक्या घरच्या मुलीकडे बघावं तशी बघते, फार सभ्यपणे. ते मला सहन होत नाही रे. मग वाटलं, तिला घरी नेता येत नाही, तर घरच तिच्या हातात देऊ.

खेळ बनवायला सूचनांचे तयार तुकडे मिळतात, ते एकाखाली एक जोडायचे. बोट लागलं तर चाल, भिंत आली तर थांब. सोपं वाटतं ना? मी स्वयंपाकघर रंगवलं, निळ्या ओट्यासकट, त्यात आईची बाहुली उभी केली आणि खेळ सुरू करताच ती जमिनीतून सरळ खाली गेली, दिसेनाशीच झाली. जमीन नुसती रंगवून भागत नाही, ती टणक आहे असं वेगळं सांगावं लागतं. ते मला कळेपर्यंत बिचारी कितीदा पाताळात गेली, देव जाणे. मग ती भिंतींतून आरपार जायला लागली. मी कपाळ बडवून घेतलं. पण जमलं शेवटी. बाबांची आरामखुर्ची, गळका नळ, तुझ्या खोलीच्या दारावरचा बॉलचा डाग, सगळं आहे त्यात.

खेळ एवढाच: संध्याकाळ झालीय. वाळलेले कपडे आत आणायचे, दिवे लावायचे, ताटं मांडायची आणि दाराला कडी लावायची. कडी लागली की पडद्यावर चंद्र उगवतो आणि अक्षरं येतात, ‘सगळे घरी आले.’ संपला खेळ.

आईच्या हातात मोबाइल दिला तर तिनं आधी तो बाहीला पुसला. मग घर बघितलं, आणि तिचा चेहरा, दादा, काय सांगू तुला! नळाकडे बोट दाखवून म्हणाली, हा अजून दुरुस्त नाही झाला का. तेव्हापासून पिशवी कपाटात पडून आहे. दिवेलागणीला ती आपणहून मोबाइल मागते. कपडे, दिवे, ताटं, सगळं झरझर उरकते. फक्त कडी लावत नाही. बाहुली दारापाशी नेते आणि तिथेच उभी ठेवते.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. कडी लहान झाली असेल म्हणून मोठी केली. दिसत नसेल म्हणून लाल केली. तिच्या चष्म्याचा नंबरसुद्धा पुन्हा तपासला. शेवटी कडीवर नाचणारा एक बाण बसवला, तर आई चिडलीच. म्हणाली, कळतं गं मला, पण मी कशी लावू? शेवटी येईल त्यानं लावायची.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरचा नियमच तो! आईनं कधी कडी लावलीच नाही. छापखान्यातली पाळी संपवून तू यायचास, चपला हातात घेऊन, आणि कडीचा आवाज झाला की मगच आई कूस बदलायची. एवढा खटाटोप करून घर उभं केलं आणि नेमकं हेच विसरले. तुझं लग्न तिला पसंत नव्हतं, ती तुला नको ते बोलली, तू तिला बोललास, हे सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलंय. तुला कामावर उशीर झालाय, एवढंच उरलंय.

तुला खेळात आणणं सोपं आहे. चौकड्यांचा शर्ट, हातात चपला, अशी तुझी बाहुली मी काढूनही ठेवलीय. ती दारातून आत आली, कडी लागली, चंद्र उगवला की आई शांत झोपेल. पण ती आत घालायला माझा हात धजत नाही. डॉक्टर म्हणतात, यानंतर माणसं ओळखणं जाईल. मी तर अर्धीअधिक गेलेच आहे, तू अजून आहेस. खोट्या दादानं कडी लावली तर ती तुझी वाट बघायची थांबेल, आणि मग तू येऊन काय उपयोग? म्हणून हे पत्र. वहिनीलाही घेऊन ये, आईला आता कसला राग आठवत नाही. उशिरा आलास तरी चालेल, पण ये. दार आम्ही नुसतं लोटून ठेवतो. कडी तू लाव.

तुझीच आणि अजून थोडी आईची,
चिमी