आपला कप्तान असा न्हाई

पाथरी, १९८५

लिंबाजी,

आपण जोडीनं वाचायचो ती अवकाशयानाची मालिका परत निघालीय. नव्या अंकात वस्ती जळते अन् आपला कप्तान मुकाट बघतो. बाजाराच्या दिवशी माझ्या पुस्तकांच्या दुकानात नेहमीसारखा अंक मोठ्यानं वाचला, तर जुन्या वाचकांत दोन तट पडले.

"आपला कप्तान असा न्हाई! पार नासवला," दिनकरराव तडकले.

"उलट आता खरा वाटायलाय," पंडित म्हणाला. "किशनराव, तुमी सांगा."

मी हसून चहा मागवला.

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. नामांतराच्या दंगलीत तुझं घर पेटवायचं दिनकररावांनी याच दुकानात ठरवलं. मी सगळं ऐकलं. तुला सांगायला आलो नाही.

कप्तान बरोबरच लिहिलाय. एवढंसुद्धा मला त्यांच्यासमोर म्हणता आलं नाही.

एकेकाळचा तुझा,
किशन