आठ दिवस पाण्यात

॥ श्री ॥

तंजावूर, ७ जुलै २०२५

ती. गंगाअक्कास,
सेतुरामाचा सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कंबरेचं हाड जुळत आलं, वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातेस आणि कार्तिकेय आणि सूनबाईच्या स्वयंपाकीणबाईंना तिथूनच हुकूम सोडतेस हे वाचलं. म्हणजे बंगळूरला सर्व यथास्थित आहे. फोनवर तुला माझा शब्द ऐकू येत नाही आणि मला तुझं ओरडणं सोसत नाही, तेव्हा टपालखातं आहे तोवर आपलं चालू राहील.

आता बातमी. ऑगस्टच्या दोन आणि तीन तारखेला, शनिवार-रविवार, इथल्या कालव्यावर जुन्या होड्यांचा मेळा भरणार आहे. वेदारण्याकडच्या मिठाच्या होड्या लॉरीवर चढवून येणार, कावेरीतली टोपलीसारखी गोल परिसलं येणार, कालवाखात्याची जुनी छपराची नावही येणार. समितीच्या लोकांनी मला विचारलं, तुमच्या वडिलांची भाताची होडी आहे ना? मी छाती काढून म्हटलं, आहे. ओरत्तनाडूच्या कोठारात बाबांच्या मागे एकतीस वर्षं ती पालथी पडली आहे. वेदारण्याहून राजगोपाल नावाचा होडीसुतार आणला आहे. त्याने टकटक करून सगळं अंग तपासलं आणि तळाच्या दोनच फळ्या बदलायला सांगितल्या. माणूस अबोल आहे, पण हात चांगला.

रविवारी तमिळ आडी महिन्याची अठरावी, कावेरीच्या पूजेचा दिवस आहे. त्याच दिवशी होडी पाण्यात सोडायची म्हणतो, आपल्या रीतीने. घरच्या सवाष्णीने ओटी भरून प्रथम नावाड्याखेरीज एकटीने बसायचं, एका पुलापर्यंत जाऊन यायचं, मग इतरांनी पाय ठेवायचा. आता सवाष्ण घरात एकच, आणि तिला बादलीतल्या पाण्याचीही भीती! वरलक्ष्मीला सांगितल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही.

कळावे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
सेतू


॥ श्री ॥

बंगळूर, १३ जुलै

चि. सेतुराम यास,
गंगाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच बसून रडले. सूनबाई घाबरून धावत आली. तिला काय सांगू, कोठारातली होडी आठवली म्हणून? तू तेव्हा लंगोटात होतास. सुगी झाली की बाबा मला भाताच्या पोत्यांवर बसवून तंजावूरला न्यायचे. काठावरून चार माणसं दोराने ओढायची आणि बाबा वल्हं धरून मला पाढे म्हणायला लावायचे. चुकले तर पाण्यात टाकीन म्हणायचे. मी सतराच्या पाढ्यात नेहमी चुकायचे आणि त्यांनी कधी टाकलं नाही.

आता नीट वाच. एकतीस वर्षं कोरडी राहिलेली होडी म्हणजे चाळण. लाकूड आक्रसलेलं असतं. सांध्यांत काथ्या कोंबला, राळ ओतली तरी ते वरवरचं. होडी आधी तळ्यात बुडवायची, कडेपर्यंत दगड भरून, आठ दिवस आणि आठ रात्री. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. मग उपसायची आणि ओलीच कालव्यात घालायची, मध्ये ऊन दाखवायचं नाही. बाबा दर वर्षी करायचे. एकदा मुनसीफसाहेबांचं वऱ्हाड न्यायचं होतं आणि सहावाच दिवस होता, तर बाबांनी वऱ्हाड परत पाठवलं. साहेब वर्षभर बोलले नाहीत.

तुला घाई फार, लहानपणापासून. म्हणून दोनदा लिहिते. आठ दिवस. कोणत्या तारखेला बुडवलीस ते मला कळव.

वरलक्ष्मीची थट्टा करू नकोस. भीती काय कोणी हौसेने बाळगतं?

तब्येतीला जप. अक्काची आठवण ठेव.

गंगाअक्का


॥ श्री ॥

तंजावूर, २६ जुलै

ती. अक्कास,
सा. नमस्कार. वि. वि.

होडी ओळखणार नाहीस! राजगोपालने फणसाच्या दोन फळ्या अशा बसवल्या आहेत की जोड सापडत नाही. बाहेरून निळा रंग दिला, कडेला पिवळा पट्टा, आणि नाकावर एका अंगाला तमिळ व दुसऱ्या अंगाला आपल्या मराठी अक्षरांत बाबांचं नाव. रंगारी तंजावूरच्या देवळाचे रथ रंगवणारा आहे. समितीचा फोटोवाला येऊन गेला. छापील पत्रकावर पहिलं चित्र आपल्या होडीचं असणार.

काल शुक्रवारी तळ्यात बुडवली, तू सांगितलंस तशी, दगड भरून. दोन तारखेला आठ दिवस होतात. तेव्हा तुझा जीव थंड राहू दे आणि माझ्या घाईचं पुराण पुरे कर.

वरलक्ष्मी मात्र हटून बसली आहे. ओरत्तनाडूला येऊन बघ म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणते. शेवटी काल म्हणाली की तुम्ही सांगून मी बसणार नाही, गंगाअक्का बस म्हणाल्या तर बसेन. माझ्या छत्तीस वर्षांच्या संसाराची ही किंमत! तू तिला चार ओळी लिही. तिला आपली अक्षरं येत नाहीत, पण मी वाचून दाखवीन.

हरिप्रिया मेळ्याच्या शनिवारी तिरुचीहून येते आहे. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींना आईची ऐट दाखवायची आहे तिला.

उत्तर लवकर धाड, आणि रागावायचं राहिलं असेल तर तेही त्यातच उरक.

तुझा
सेतू


॥ श्री ॥

बंगळूर, २९ जुलै

चि. सौ. वरलक्ष्मी हिस,
गंगाअक्काचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला सेतू वाचून दाखवील. मधलं काही गाळलं तर त्याचा कान धर.

तू भितेस यात लाजण्यासारखं काही नाही. पण ही होडी मी जाणते. आठ दिवस पाण्यात राहिलेली आमच्या बाबांची होडी घरच्या जमिनीसारखी असते. तिच्यात मी झोपले आहे, जेवले आहे. सेतूने शुक्रवारी बुडवली असं लिहिलं आहे, तेव्हा तू निर्धास्त बस. माझ्यावर सोपवून बस. आमच्या आईनंतर त्या फळीवर सवाष्ण बसलेली नाही. तू हिरवं रेशमी लुगडं नेस, ओटीत नारळ घे, आणि कावेरीला माझंही हळदकुंकू वाहा. मला आता तिथवर येणं होत नाही.

परतल्यावर चित्रान्नाचे किती प्रकार केलेस ते कळव.

तुझी
गंगाअक्का


तंजावूर, ९ ऑगस्ट

ती. अक्कास,
नमस्कार.

कार्तिकेय येऊन गेला, त्याने तुला सांगितलंच असेल. तरी तू त्याच्याकडून सगळं लिहून मागितलंस म्हणून लिहितो.

शनिवार फार चांगला गेला. कालव्याच्या दोन्ही काठांना माणसं. मिठाच्या होड्यांवर शिडं चढवली होती, परिसलं गरगर फिरत होती, शाळेच्या मुली त्यांत बसून किंचाळत होत्या. आपली होडी काठावर ओंडक्यांवर ठेवली होती. लोक नाव वाचून बाबांबद्दल विचारत होते. वरलक्ष्मीने ताक आणि चित्रान्न आणलं होतं, येईल त्याला वाढत होती. संध्याकाळी स्वतःहून होडीला हात लावून पाहिला आणि हसली.

रविवारी दहाच्या सुमारास ओटी भरली. ती आत बसली, मागे नावाडी. दोर सोडला. नागस्वर वाजत होतं आणि मी काठावरून बरोबर चालत होतो. पन्नास पावलं गेली असतील, तिने हात वर केला आणि ओरडली. अक्का, सगळे हसले. तिची भीती सगळ्यांना ठाऊक होती. मीही हसलो आणि गप्प बस म्हणून हाताने खूण केली. ती माझ्याकडे बघत खाली बसली. तोवर पाणी तिच्या मांडीपर्यंत आलं होतं, ते काठावरून दिसत नव्हतं. पुलाखाली ओढ आहे तिथे होडी आडवी झाली. नावाडी पोहून निघाला. रेशमी लुगडं अंगाला गुंडाळलेलं, ती पुढे कालव्याचं पाणी अडवायच्या दरवाजाच्या जाळीला अडकलेली सापडली.

सगळे म्हणतात राजगोपालच्या नव्या फळ्या सुटल्या. पोलिसांनी त्याला वेदारण्याहून दोनदा बोलावून नेलं. मला विचारलं तेव्हा मी होडी आठ दिवस पाण्यात होती असं सांगितलं.

हरिप्रिया माझ्याजवळ आहे. आईच्या डब्यात तुझं पत्र सापडलं, ते वाचून दाखवा म्हणाली. मी वाचलं. शुक्रवारी बुडवली ती ओळ मात्र मला वाचवली नाही.

आणखी लिहवत नाही.

सेतू


बंगळूर, १६ ऑगस्ट

चि. सेतुराम यास आशीर्वाद.

तुझं पत्र कितीदा वाचलं त्याला गणती नाही. बस असं मी लिहिलं, म्हणून ती बसली. तुझं तिने ऐकलं नव्हतं, माझं ऐकलं. माझ्यावर सोपवून बस, हे शब्द मी माझ्या हाताने लिहिले. सत्तर वर्षांच्या बाईने बंगळूरला अंथरुणावर पडून तंजावूरच्या होडीची हमी दिली. हमी कोणी मागितली होती का? फुशारकी, दुसरं काय. रात्रीचं जेवण सोडलं आहे. ओरडू नकोस, मला ऐकू येणार नाही असं सूनबाईला मीच सांगते.

एक कोडं सुटत नाही. शनिवारचं एक दिवसाचं ऊन लागलं तरी भिजलेलं लाकूड असं उघडत नाही. पन्नास पावलांत तर नाहीच. म्हणजे त्या राजगोपालने कच्ची फळी घातली असणार. त्या माणसाला सुखाने झोप लागू नये असं मनात येतं, आणि मग वाटतं, त्याला शिव्या देऊन मी स्वतःला सोडवते आहे.

हरिप्रियेला जवळ घे. तिची क्षमा मी कशी मागू, ते मला सुचव.

गंगाअक्का


तंजावूर, २४ ऑगस्ट

ती. अक्का,

तू जेव. तुझा काही दोष नाही आणि राजगोपालचाही नाही.

होडी मी बुडवली नाही. एक दिवसही नाही. रंगाऱ्याने चोवीस तारखेला काम संपवलं. आठ दिवस पाणी लागलं तर नाव फुगून सोलून जाईल म्हणाला. बाबांचं नाव पिवळ्या रंगात इतकं सुरेख उमटलं होतं, फोटो पत्रकावर छापून येणार होता. सोललेलं नाव घेऊन मेळ्यात कसं जायचं? राजगोपालने गावी परतताना दोनदा बजावलं होतं, आजच तळ्यात घाला. मी हो म्हटलं आणि त्याला बसमध्ये बसवलं. मग आतून चार घागरी पाणी शिंपडलं. एका पुलापर्यंत तर जायचं, ताजी राळ आहे, तेवढं निभेल असं धरून चाललो. तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू तिला बसू दिलं नसतंस.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, अक्का. तोंडाने. निर्धास्त बस हे शब्द तिने मला परत वाचायला लावले आणि मी परत वाचले.

राजगोपालचं कोणी ऐकत नाही. भिजवायला सांगितलं होतं असं तो म्हणतो आणि मी भिजवली असं सांगितलेलं आहे. त्याची कामं बंद झाली असं ऐकलं. ठाण्यात जाऊन जबाब बदलावा असं रोज सकाळी ठरवतो. हरिप्रिया कॉफी आणून देते, बाबा खा काहीतरी म्हणते, आणि मी तिथेच बसून राहतो. तिला आता मी एकटाच उरलो आहे. हे पत्र तिच्यासमोर बसूनच लिहितो आहे. अत्तेला लिहिता का, माझाही नमस्कार घाला म्हणाली.

तुझ्यापाशी बोललो, जरा हलकं वाटलं. मला टाकू नकोस.

सेतू


बंगळूर, ३० ऑगस्ट

सेतुराम,

पत्र मिळालं. आजपासून जेवते आहे.

हलकं वाटलं म्हणतोस. कुणापुढे बोललास तू? हरिप्रियेसमोर बसून लिहिलंस, कारण तिला ही अक्षरं वाचता येत नाहीत. ठाण्यातल्या कोणाला येत नाहीत, त्या सुताराला येत नाहीत. कागद टेबलावर उघडा पडला असता तरी तुझ्या केसाला धक्का लागला नसता. माझ्यापाशी बोलणं सोपं होतं, म्हणून बोललास.

मी तुला टाकत नाही, पण हे पत्र मी जवळ ठेवून घेणार नाही. माझ्या हाताने त्याची ओळ न् ओळ तमिळमध्ये उतरवली आहे. तुझा मूळ कागद आणि माझ्या तीन नकला घेऊन कार्तिकेय येत्या शुक्रवारी सकाळी तिथे उतरेल. आधी हरिप्रियेला देईल, मग ठाण्यात, मग वेदारण्याला जाऊन राजगोपालच्या हातात. कार्तिकेयाला मी काही सांगितलेलं नाही, वाटेत वाचू नको एवढंच सांगितलं आहे.

पोरीला हे कागदावरून कळू नये असं वाटत असेल तर तिला समोर बसव आणि तुझ्या तोंडाने सांग.

गुरुवारपर्यंत वेळ आहे.

गंगा