तहातले कैदी

१२ जानेवारी २००९, रास अल खैमा (दुबईच्या पलीकडे)
पोचले एकदाची. मुलगा सुदेश हसत न्यायला आला. नात ओवी म्हणाली, हाय आजी. मी म्हटलं, आधी पाया पड, मग हाय कर. घर झकास, नळाला गरम पाणी. सुदेश एका प्रदर्शनासाठी प्लास्टरचे पुतळे करतो. आठशे वर्षांमागची लढाई, एकीकडे क्रूसवाले गोरे, दुसरीकडे मुसलमान.

१५ जानेवारी
प्रदर्शनाचा हॉल पाहिला. सुदेशनं सांगितलं, तह झाला, गोरे जीव राखतो म्हणाले, म्हणून मुसलमानांनी किल्ला सोडला. मग खंडणीला उशीर झाला, तर गोऱ्या राजानं बांधलेले कैदी कापून काढले. मी म्हटलं, मुडदा बसवला त्याचा, राजा कसला, दरोडेखोर! कैद्यांना चेहरे कामगारांचे. नाकात नळ्या घालून तोंडाचा साचा घेतात. शेवटचा कैदी सुदेशच्या तोंडाचा. लेक असा बांधलेला बघवेना. मूर्तीची करतो तशी त्या पुतळ्याची प्राणप्रतिष्ठा केली, अक्षता वाहिल्या. वॉचमन मुश्ताक ओरडला, माँजी, पुतले में जान मत डालो. म्हटलं, तुला काय कळतंय पूजेतलं?

२१ जानेवारी
मंदी. सुदेशचा साहेब म्हणाला होता, हॉल पुरा कर, ठेवून घेतलेला पासपोर्ट परत देतो. हॉल झाला, साहेब पळाला. शब्द मोडायला राजाच लागतो असं नाही. सुदेशच्या मनगटांवर वळ आलेत, दोराचे.

२४ जानेवारी
त्याचे हात बांधल्यासारखे जुळलेत, सुटत नाहीत. मी भरवते. डॉक्टरला काही दिसत नाही म्हणे, डोळे आहेत की बटणं!
हॉलमधल्या राजाच्या माणसांच्या पुतळ्यांच्या तलवारी कमरेला होत्या. आज उपसलेल्या आहेत.

२६ जानेवारी
जीव मीच घातला. उत्तरपूजा करून मूर्ती हलवली की जीव जातो. पण जाईल तो माझ्या सुदेशचा—
नाही केली तर तलवार.

२७ जानेवारी
हॉलमध्येच बसलेय. सुदेश शेजारी. उत्तरपूजा करणार नाही. आईनं लेकाचं विसर्जन करायचं?
पुतळ्याचा दोर सुरीनं कापायला गेले. रक्त आलं— सुदेशच्या मनगटातून—
गोरे पुढे सरकलेत. मी मध्ये उभी—
राजानं तलवार खाली केली. बाजूला हो म्हणून मान हलवली. सोडतो म्हणतोय. सुदेश ओरडतोय, आई, त्याचं ऐकू नको. पण तलवार खरंच खाली आहे. मी जरा बाजूला झाले आणि—