इंजिन गिरणीपाशी सोडायचं

अण्णा, तुम्ही मध्ये बोलू नका. विकतोय म्हणजे विकतोय. "चालतीये ना अजून, मग कशाला?" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. तुम्ही गेल्यापासून तुमच्या वतीनं मीच ते सगळ्यांना ऐकवत आलोय, मित्रांना, मेकॅनिकला, आईला तर रोजच. आता पुरे. संध्याकाळी माणूस येणार आहे स्कूटर न्यायला. सकाळी बघून गेला, चालवून गेला, ठरलं. मी दाराच्या पायरीवर बसलोय, ती समोर उभी आहे, स्टँडवर, नेहमीसारखी जरा डावीकडे कललेली. धुतली नाही मी तिला. धुतली असती तर तुम्ही म्हणाला असता, निघाली का सासरी. म्हणून नाही धुतली.

तुम्हाला ती आली तो दिवस आठवतो का, ते मला माहीत नाही. मला आठवतो. मी प्राथमिक शाळेत. तुम्ही एकलहऱ्याहून फर्स्ट शिफ्ट करून येताय, रोजच्यासारखे सायकलवर नाही, तर फिकट निळ्या स्कूटरवर, हँडलला झेंडूची माळ, आणि गल्लीतल्या बायका दारात. आईनं पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. ते चाकाखाली नीट फुटलंच नाही, बाजूला पळालं, आणि तुम्ही हसत खाली उतरून ते पुन्हा आणून ठेवलंत. नंतर तिथल्या पॉवर प्लँटची राख तिच्या सीटवर रोज बसायची आणि तुम्ही ती रोज त्याच पिवळ्या फडक्यानं पुसायचात. चिमण्यांचा धूर घरावरून गेला की आई वाळत घातलेले कपडे आत ओढायची आणि तुम्ही बाहेर येऊन स्कूटरवर गोणपाट टाकायचात. कपड्यांचं काय ते आई बघेल.

आपली गल्ली शिफ्टवाल्यांची. कुठल्याही वेळी कुणी ना कुणी झोपलेलं. दुपारी बारा वाजता क्रिकेट खेळलो की खिडकीतून शिवी यायची, कारण आत नाईट करून आलेला माणूस. त्यामुळे गल्लीत ती एक पद्धतच पडून गेली होती, कुणी कुणाला शिकवली माहीत नाही. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी आलं की डावा हात सीटखाली न्यायचा आणि पेट्रोलचा कॉक बंद करायचा. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी पुढं यायची, आवाज बारीक होत जायचा, दोन उचक्या द्यायची आणि मरायची. तिथून पुढं नुसती घरंगळत दारात. सगळेच करायचे. पण तुमचं गणित वेगळंच होतं. बाकीच्यांची कधी आधी मरायची, मग ढकलत यायचे, कधी दारात येऊनही फडफडत राहायची. तुमची बरोबर चौथ्या घरापाशी, तिथल्या शेवग्याखाली. आणि मग फक्त टायरखालची खडी.

माझं काम फाटक उघडायचं. स्कूटर घरंगळत येतेय म्हटल्यावर मध्ये थांबून चालत नाही, थांबली तर आत ढकलावी लागते. म्हणून आवाज गिरणीपाशी बारीक झाला की हातातलं असेल ते टाकून पळायचं. जेवत असलो तर खरकट्या हातानं. आई तोवर गॅसवर चहाचं आधण टाकायची. तुम्ही आत यायचात, चालत्या गाडीवरूनच माझ्या डोक्यावर टपली मारायचात, आणि ती टपली मिळाली नाही तर मला काम पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही.

आता तुम्ही एकदा माझ्यावर रागावलात ते सांगतो. अकरावीत पहिल्यांदा तुम्ही मला स्कूटर दिलीत, नाशिकरोडहून आईची औषधं आणायला. मी भर दुपारी थर्ड गिअरमध्ये, रेस देत, थेट फाटकात. शेजारचे काका नाईट करून झोपलेले, ते बनियनवर बाहेर आले. त्यांनी काही म्हणायच्या आत तुम्ही त्यांची माफी मागितलीत. मला घरात घेतलंत. मला वाटलं आता कानफटात बसणार. तुम्ही पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवलात आणि म्हणालात, "इंजिन गिरणीपाशी सोडायचं. घरी फक्त माणसानं यायचं." बास. एवढंच. आवाज पण चढवला नाहीत. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय डायलॉग मारतो हा माणूस.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही ड्युटीवरच गेलात. तुम्हाला घरी प्लँटच्या जीपनं आणलं. तिचं इंजिन फाटकापर्यंत चालू होतं, दारात आल्यावरही चालू होतं, आणि गल्लीतला एकही माणूस झोपलेला नव्हता. दिवसकार्य झाल्यावर मी बसनं एकलहऱ्याला गेलो स्कूटर आणायला. प्लँटच्या पार्किंगवाल्यानं नुसती मान हलवून दाखवली. सीटवर राखेचा थर. मी बोटानं त्यावर काहीतरी लिहिणार होतो, लिहिलं नाही, शर्टाच्या बाहीनं पुसलं. किका मारल्या, आडवी केली, पुन्हा मारल्या, चालू होईना. मग खाली हात घातला तर कॉक बंद. म्हणजे त्या दिवशीही तुम्ही प्लँटच्या गेटपाशी नेहमीसारखा बंद केला होतात. परत येताना पेट्रोल लागणार म्हणून. तुमच्या हातानं बंद झालेली ती शेवटची वस्तू असावी. मी ती उघडली. बराच वेळ लागला मला उघडायला, आणि कॉक काही घट्ट नव्हता.

तेव्हापासून ती माझी. लोकांना मी सांगत आलो की नवीन परवडत नाही. ते खोटं नव्हतं. दर पाडव्याला शोरूममध्ये जाऊन यायचो. काचेवर रंगानं किंमत लिहिलेली असायची आणि मी जेवढे साठवून जायचो त्याच्या पुढंच ती उभी असायची. एकदा तर सेल्समन म्हणाला, "साहेब, कालच यायचं ना, कालपर्यंत जुना रेट होता." दरवर्षी तो असंच म्हणायचा. मग आपल्या जातीच्या स्कूटरी शोरूममधून गेल्याच. किक नाही, गिअर नाही, बटण दाबलं की चालू, आणि किंमत आणखी वर. मी पत्रक घेऊन घरी यायचो. पाठीमागची बाजू कोरी असते, कवितेला बरी पडते.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात आपला मेकॅनिक आहे, तुमच्याच वेळचा. त्याच्या दुकानापुढं मेलेल्या स्कूटरींची रांग. कुणाचा क्लच, कुणाचा हेडलाइट, कुणाचं हँडल, असं करत करत त्यानं तिला जगवली. मला लेखक म्हणतो. "लेखक, तुमच्या स्कूटरला माझ्याकडं माहेरपणाला यायची सवय लागलीय," म्हणतो. एकदा म्हणाला, "हिच्यात कंपनीचं आता राहिलंय काय? नंबरप्लेट." इंजिन दोनदा उघडलं. पण सायलेन्सर बदलू म्हणाला तेव्हा मी नाही म्हणालो. सडलाय, पोलीस धरतील म्हणाला. मी म्हटलं, भोकं झाळून द्या. त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि झाळून दिला. आवाज तोच राहिला पाहिजे, हे मी त्याला सांगितलं नाही. स्वतःला पण नाही.

आणि अण्णा, मी तुमचं गणित जमवलं. वर्ष गेलं त्यात. सुरुवातीला कधी गिरणीच्या आधीच बंद करायचो, कधी विसरायचो. पण मग जमलं. गिरणी, डावा हात, कॉक, दोन उचक्या, आणि बरोबर शेवग्याखाली शांत. इतका खूश झालो होतो. रोज संध्याकाळी ऑफिसमधून येताना मी ते करायचो आणि रोज फाटक उघडलेलं असायचं. आई उभी असायची कडीला हात लावून. मी आत गेलो की म्हणायची, "विकून टाक रे ती. नवीन घे एखादी, हप्त्यानं घे." मला वाटायचं ब्रेकची भीती वाटते तिला. मी म्हणायचो, आई, किमती बघितल्यास का? ती म्हणायची, "नाही बघितल्या." आणि चहा टाकायला जायची. असं किती वर्षं चाललं. दर वेळी मीच जिंकायचो.

या महिन्यात मात्र मेकॅनिकनंच हात टेकले. रांगेतले मुडदे संपले म्हणाला, पुढच्या वेळी बंद पडली की बंद. त्यानंच गिऱ्हाईक पाठवलं. मखमलाबादकडचा फुलवाला, माझ्याच वयाचा. त्याला ती पुढच्या सपाट जागेसाठी हवी, पाय ठेवायच्या. "मोटारसायकलवर काय बसत नाय ओ दादा. हितं शेवंतीचं पोतं उभं ऱ्हातंय," म्हणाला, आणि जागेला हात लावून बघितला. जुनं इंजिन त्याच्या भावाकडं पडून आहे, ते बसवणार. सीटवरून हात फिरवून म्हणाला, "लय जपलीय." मी म्हटलं, चक्कर मारून या. तो गेला.

मी आत आलो. आई ओट्यापाशी मेथी निवडत होती. मी पाट घेऊन बसलो, तिच्याबरोबर निवडायला लागलो. आणि मग अण्णा, गिरणीच्या बाजूनं तुम्ही आलात.

मला नीट सांगता येत नाहीये. लिहिणारा माणूस आहे मी आणि मला हे सांगता येत नाहीये. एवढी वर्षं मी तिच्यावर बसलेला होतो. तिच्यावर बसलेल्याला ती येताना ऐकू येत नाही. जाताना येत नाही, लांबून येत नाही. नऊ-दहा वर्षं मी तो आवाज सांभाळला आणि एकदाही ऐकला नव्हता. आज ऐकला. लांबून, पिठाच्या गिरणीच्या पलीकडून, तुमचा. मला कळायच्या आत मी फाटकापाशी होतो. पायात चप्पल नाही, हातात मेथीची काडी, दुसरा हात कडीवर. कडी काढली पण होती. आणि मी वाट बघतोय आवाज बारीक व्हायची.

बारीक झाला नाही. तो फुलवाला तसाच भरधाव आला, शेवगा ओलांडून, फाटकातून आत, आणि अंगणात इंजिन चालू ठेवूनच हसला. तोवर आई माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, कडीवरच्या हाताकडं बघितलं.

"रोज होतं असं," ती म्हणाली.

आत जाऊन मेथी निवडायला लागली. मी रोज संध्याकाळी काय आणून सोडत होतो तिच्या दारात, ते मला तेव्हा कळलं. मी फाटकातून आत यायचो आणि ती कडीला हात लावून माझ्याकडं बघायची, आणि तिच्या तोंडावर जे असायचं ते मला दमणूक वाटायचं. घरी फक्त माणसानं यायचं म्हणाला होतात ना. मी रोज आवाज आणत होतो. माणूस नव्हता त्यात. म्हणजे होता, पण मी होतो.

म्हणून विकतोय. आता बोला. नको, बोलू नका.

हा कागद डिकीत टाकणार होतो, तुमच्या पिवळ्या फडक्याखाली. पण मग तो शेवंतीवाला वाचत बसेल. फडकं मी काढून घेतलंय. कागद माझ्याच खिशात राहील. शोरूमचंच पत्रक आहे, मागच्या बाजूला लिहितोय. पुढच्या बाजूला लाल स्कूटर आहे, बटणवाली. घेईन. महाग आहे, घेईन. मेकॅनिक म्हणतो तिचा आवाजच येत नाही, शेजारी येऊन उभी राहिली तरी कळत नाही.

आणि एक. त्या माणसाला मी सगळं समजावलं. किक मारायच्या आधी एका बाजूला आडवी कशी करायची, सेकंड गिअर कधी निसटतो, पावसात प्लग कसा पुसायचा. तो मनापासून ऐकत होता. म्हणाला, दसऱ्याला तुमच्या गल्लीत झेंडू घेऊन येतो, आईंसाठी पाटीभर ठेवून जाईन, पैसे नको. चांगला माणूस आहे. मग त्यानं खाली वाकून कॉककडं बोट दाखवलं आणि विचारलं, "ह्याचं काय हाय का दादा?" तर मी त्याला खोटं सांगितलं, अण्णा. म्हटलं, चालत्या गाडीत त्याला हात लावायचा नाही, अडकतो तो. गाडी दारात उभी केल्याशिवाय बंदच करायचा नाही. त्यानं मान डोलावली. दसऱ्याला आईला गिरणीपाशी आवाज बारीक झालेला ऐकू यायला नको.

आला वाटतं. भावाच्या मोटारसायकलवरून आलाय, दोघं बाहेर उभे आहेत. आई हाक मारतेय. फाटक उघडायचंय, या वेळी बाहेर जायला. निघतो मी.