‘अभि का ठिया’, मागच्या खोलीपर्यंत

इंदूर,
१३ फेब्रुवारी

प्रिय अभि,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडता टेबलावर टाकशील, हे मला माहीत आहे. टाक. दोन दिवसांनी उघडशीलच. लहानपणी रुसलास की ताट तासभर तसंच ठेवायचास आणि मग कोणी बघत नाही असं पाहून सगळं चाटूनपुसून संपवायचास. दिवाळीपासून तू माझा फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून कागदावर लिहायला बसले. बातमी अशी की आपल्या घरात मी मेश वाय-फाय बसवलं आहे. स्वतःच्या हातांनी. हसून घे. इंजिनियर तू, मी आठवीच्या मुलांना बीजगणित शिकवणारी बाई. पण मागच्या खोलीत, बाबांच्या पलंगापाशी, आवाज न तुटता पोचलाच पाहिजे असं मी ठरवलं होतं, आणि आता तो पोचतो. हे का करावं लागलं ते सांगायचं तर सहा महिने तुझ्यापासून लपवलेली गोष्टही सांगावी लागेल. ती आधी सांगून टाकते.

गेल्या वर्षी राखीनंतर आठच दिवसांनी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. तुला मी ‘बीपी वाढलं होतं, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं’ एवढंच कळवलं. उजवी बाजू पार गेली होती. पाय बराचसा परत आला, हात थोडासा, बोलणं मात्र अडकून बसलं. त्यांना सगळं कळतं, शब्दही आठवतो, पण तो तोंडापर्यंत यायला वेळ लागतो आणि कधी कधी भलताच येतो. मग ते चिडून भिंतीकडे तोंड करून पडतात. तुला सांगायचं नाही हे त्यांनीच ठरवलं. माझ्या वहीच्या मागच्या पानावर डाव्या हाताने लिहिलं, ‘अभिला नको. आजारी म्हणून येईल.’ एवढं लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली होती. ते बघून मला नाही म्हणवलं नाही. चुकलंच माझं. त्याबद्दल तुला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

आता घराचं सांगते. पंधरा फूट रुंद, साठ फूट लांब. पुढची खोली, मग बैठक, जिना, स्वयंपाकघर, आईचं ते अजस्र लोखंडी कपाट आणि सगळ्यात शेवटी बाबा. कंपनीचा मोडेम पुढच्या दारावर, कारण फायबरची तार तिथूनच आत येते. लॉकडाऊनमध्ये तू वर्षभर इथून काम करत होतास तेव्हा लावून घेतलेला तोच. त्याचं नाव ‘अभि का ठिया’ ठेवून आल्यागेल्याला दाखवायचास, आणि बाबा म्हणायचे की बिल आमचं नि अड्डा याचा. मागच्या खोलीत त्या ठियाची एक दांडी आली तर आली. शेजारच्यांनी चार मजले चढवल्यापासून मोबाईलचीही तीच कथा. बाबांना पुढे आणून झोपवायला काय झालं होतं, असं तू विचारशीलच. बाथरूम मागे आहे, महाराज. पुढून मागे साठ फूट चालणं हा त्यांचा दिवसभराचा व्यायाम होईल.

नेट लागत होतं ते शलाकाबाईंसाठी. त्या पुण्याच्या स्पीच थेरपिस्ट, आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी पाच वाजता टॅबवर बाबांना शिकवतात. इंदुरात काय कोणी नव्हतं, असंही विचारशील. होत्या ना, चांगल्या होत्या, पण हिंदीत. आणि बाबांची हिंदीच गेली रे! सांवेर रोडच्या कारखान्यात अडतीस वर्षं हिंदी-मालवीत आरडाओरडा केलेला माणूस, घरी भाजीवाल्याशी भांडायचा तेही हिंदीत. सफरचंद दाखवून त्या बाईंनी ‘बाबूजी, ये क्या है?’ म्हटलं की नुसतं बघत राहायचे. मी मागून ‘बाबा, हे काय?’ म्हटलं की ओठ हलायचे आणि ‘सफ… सफ…’ पर्यंत गाडी यायची. आईशी बोलायची तेवढी भाषा उरली होती. म्हणून मराठीतून शिकवणारं माणूस शोधलं, ते पुण्यात सापडलं.

पण धडा धड चालेना. चित्र थिजायचं, आवाज तुटायचा. एकदा शलाकाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, म्हणजे टॅब स्वयंपाकघरात न्यायला लावून म्हणाल्या, की काकांना हवा तेवढा वेळ घेऊ दे, मी थांबेन. पण ते थांबलेत की नेट थांबलंय हेच मला कळत नाही. मी ‘हॅलो’ म्हणते आणि नेमका त्यांचा ओठावर आलेला शब्द परत जातो. त्या रात्री मी काही जेवले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परस्पर बाजारात गेले आणि तीन डब्यांचा मेश संच घेऊन आले.

पांढरे, मोदकाच्या साच्याएवढे डबे. पहिला मोडेमला तारेने जोडायचा, बाकीचे घरात ठेवायचे, आणि ते एकमेकांकडून नेट घेऊन पुढे देतात. पुस्तिकेत लिहिलं होतं तसं अ‍ॅप उतरवलं. अ‍ॅपने नाव विचारलं, मी ‘घर’ लिहिलं. दुसरा डबा सरळ बाबांच्या उशाशी नेऊन ठेवला, कारण अडचण तिथे होती. आणि आपल्या घराची रीत तुला ठाऊक आहे. मिक्सरला टोपडं, रिमोटला पिशवी, टीव्हीवर पडदा. मी आईने विणलेले रुमाल काढले आणि तिन्ही डब्यांवर घातले, मोडेमवरचा जुना होताच. दुपारभर सगळं आत तापून निघालं आणि बरोबर पाचच्या सुमाराला मोडेम आपोआप बंद-चालू व्हायला लागला. रुमाल काढले तेव्हा डबा हाताला चटका देत होता. पुढे हेही लक्षात आलं की जिथे नेट पोचतच नाही तिथे डबा ठेवून तो बिचारा पुढे देणार काय? शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येत नाही म्हणून निरोप सांगणाऱ्यालाही शेवटच्याच बाकावर बसवायचं, असला प्रकार मी केला होता. मग एक डबा बैठकीत, एक स्वयंपाकघराच्या दाराशी, आईच्या कपाटाच्या अलीकडे, दोन्ही उघडेबोडके ठेवले.

आता नावाची गंमत. ‘घर’ हे नाव मी बाबांना टॅबवर दाखवलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, बाबा, काय झालं, चांगलं आहे की. त्यांनी डावा हात पलंगावर आपटला. ‘अ… अ…’ म्हणाले. मला वाटलं पाणी हवंय, पाणी दिलं, तर पेला ढकलला. शेवटी मी जुनं नाव लिहून समोर धरलं, ‘अभि का ठिया’. तेव्हा हात खाली गेला. आई गेल्यापासून झटका येईपर्यंत ज्या माणसाने तुझं नाव काढलं नव्हतं, त्याला टॅब उघडल्यावर पहिलं तेच नाव दिसायला हवं होतं, अभि. मी तेच ठेवलं, पासवर्डसुद्धा जुनाच.

आणि तिथेच माशी शिंकली. मोडेमचं स्वतःचं वाय-फाय चालूच होतं, त्याचंही नाव तेच. एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं आणि मी हजेरी घेतेय. बाबांचा टॅब कधी नव्या ठियाला ‘हजर’ म्हणायचा, कधी साठ फुटांवरच्या जुन्याला चिकटून बसायचा. चार दिवस धडे पुन्हा तुटले. तीनदा तक्रार केल्यावर कंपनीचे विपुलजी आले. माझ्याच वयाचे, केबल टीव्हीच्या जमान्यापासून परदेशीपुऱ्यात तारा ओढणारे. दोन मिनिटांत म्हणाले, ‘मैडम, दो-दो ठिये चल रहे हैं आपके यहां. नाम बदल दो, लफड़ा खतम.’ मी म्हटलं, ‘विपुलजी, नाम नहीं बदलेगा.’ म्हणाले, ‘तो मोडेम का वाई-फाई बंद करना पड़ेगा, वो ऑफिस से लॉक है, कंपनी मना करती है.’ मी दार लावून घेतलं, पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली, वर भरपूर सेव घातली आणि सांगितलं की ऑफिसला फोन लावा, मला आज कुठेही जायचं नाही. त्यांनी तीन ठिकाणी फोन केले. चौथ्या वेळी मी फोन घेतला आणि आठवी ब ला बोलते त्या आवाजात बोलले. पाऊण तासाने मोडेमवरचा वाय-फायचा दिवा विझला. आता त्याने फक्त तारेतून नेट द्यायचं, बाकी सगळं डब्यांनी बघायचं. जाताना विपुलजी बाबांच्या पाया पडून गेले.

तपासणी मी माझ्या पद्धतीने घेतली. टॅब बाबांपाशी ठेवला, स्वतः पुढच्या दारात जाऊन फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि एकोणतीसचा पाढा म्हणत सावकाश मागे चालत आले. बैठक, जिना, स्वयंपाकघर, कपाट. कुठेही तुटलं नाही. दारात पोचले तेव्हा मी ‘एकोणतीस दाहे’पाशी थांबले होते, दम लागला म्हणून. पलंगावरून बाबा म्हणाले, ‘दोनशे नव्वद.’ अख्खं. सलग. मी दाराच्या चौकटीला धरून रडले, अभि. शलाकाबाई म्हणतात की पाढे, आरत्या असं पाठ असलेलं आधी परत येतं, मनातलं बोलणं उशिरा येतं. येऊ दे उशिरा.

आता दिवाळी. आईच्या तेराव्याला तू सगळ्या नातेवाइकांसमोर बाबांना म्हणालास, ‘तुम्ही तिला माझ्याकडे बंगलोरला पाठवलं असतं तर ती जगली असती.’ ते काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं घेऊन तू गेलास आणि तीन वर्षं उराशी धरून बसलास. पाडव्याला तुला मी फोन लावला तो त्यांनी खूण केली म्हणून लावला होता. मी हट्टाने त्यांच्या कानाला लावलेला नव्हता. मागच्या खोलीतून, त्याच मरतुकड्या नेटवर. तू ‘बाबा?’ म्हणालास. ते बोलत होते, अभि. मी बघत होते, त्यांचे ओठ तुझ्या नावाभोवती फिरत होते. तुला अर्धं मिनिट काहीच ऐकू आलं नाही. तू म्हणालास, ‘बोलायचंच नसतं तर फोन कशाला लावता?’ आणि कापलास. ते मात्र आम्हाला इकडे अगदी स्वच्छ ऐकू आलं. तुला वाटलं ते पुन्हा गप्प बसले, त्यांना वाटलं तू ऐकूनच घ्यायला तयार नाहीस. त्यानंतर आठवडाभर त्यांनी शलाकाबाईंकडे पाहिलंही नाही. मग एके दिवशी वही मागून घेतली आणि एक वाक्य लिहिलं. हे शिकायचं आहे, असं बोटाने दाखवलं.

ते पाच शब्दांचं वाक्य आहे. नोव्हेंबरपासून ते रोज त्याचा सराव करतायत. काय आहे ते मी लिहिणार नाही, ते त्यांनी तुला सांगायचं आहे. पत्र मात्र त्यांना वाचून दाखवलंय, त्यांची परवानगी आहे. डब्यांचा भाग फार लांबला असं त्यांचं मत दिसलं. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, २२ तारखेला सकाळी अकरा वाजता माझ्या नंबरवरून व्हिडिओ कॉल येईल. उचल. पहिला शब्द तुझं नाव आहे आणि ते यायला त्यांना अकरा सेकंद लागतात, कधी वीस. तेवढ्या वेळात ‘हॅलो, हॅलो’ करू नकोस, ‘आवाज येत नाही’ म्हणू नकोस, कापू नकोस. नेटवर्क चालू आहे, त्याची जबाबदारी माझी. गप्प वाटलं तर ते बोलतायत असं समज, आणि थांब.

तुझीच,
ताई
(अस्मिता)