लाल झालेली बाटली

अँटोफगास्ता, ४ ऑक्टोबर

एदुविनाताई,

तू बरी असशील, तुझी लामा जनावरंही बरी असतील. मी बरी. झालं विचारून. आता ऐक.

बाटली लाल झाली! गावच्या गरम झऱ्याचा चिखल तू माझ्या यास्नाला दिलास ना, आधी जमिनीला कोकाची पानं नि दारू वाहून, मग तोंड वाकडं करून? त्यातले जंतू पोरीनं प्रयोगशाळेत वाढवले. सोनं विरघळलेलं पिवळं पाणी त्यांना पाजलं. त्या सोन्याचे ते इतके बारीक कण करतात की डोळ्याला दिसत नाहीत, पण पाणी वाइनसारखं लाल होतं. त्यापासून पुढं पाण्यातलं विष ओळखता येईल म्हणे, आपल्या नदीतलंसुद्धा. इतके महिने पिवळं ते पिवळंच. तिच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणायला लागल्या होत्या, आता सोड नाद.

सोमवारी यास्ना आली, बाटलीच्या बुडाशी लाल ओघळ बघितला आणि तिनं मला उचललंच. या वयात, या वजनाची मी. मीही नाचले. मग तिनं विचारलं, "आई, बाकीचं कुठंय?"

मी तिच्याच प्रयोगशाळेत भांडी धुते हे तुला ठाऊक आहे. सकाळी मला वाटलं, नासलं. रंग पालटलेलं कुणी ठेवतं का? ओतून दिलं, वरून क्लोरीन. शेजारच्या बशा वास मारत होत्या, त्याही धुतल्या. पुन्हा वाढवायला ठेवलेलं जंतूंचं बियाणं त्या बशांतच होतं.

पोरगी ओरडली नाही. स्टुलावर बसली नि म्हणाली, "मावशी आता देणार नाही."

मी म्हटलं, देईल. पण तू तिला काय सांगितलं होतंस ते मला कळलंय. जो पाट उपसायला येत नाही, त्याला झऱ्यातलं काही मिळत नाही. हा चिखल पोरीच्या तोंडाकडं बघून, एकदाच. खरंय तुझं. मी शहरात आल्यापासून माझ्या वाटणीचा पाटही तूच उपसतेस.

यंदा पाट उपसायला मी येते. सगळ्या गावासमोर बोल मला, मी उलटून बोलणार नाही. जमेल तेवढं. चिखल द्यायचा की नाही ते पाट संपल्यावर ठरव. नाही दिलास तरी माझ्या वाटणीचा पाटाचा तुकडा अर्धा टाकून उठणार नाही.

खोरं माझं आणते. कुठून सुरू करायचं ते तू दाखव.

यास्नाची आई, आणि अजून तुझीच धाकटी,
नोल्बेर्ता