कावळ्याच्या साक्षीवर नामंजूर झालेला राजीनामा

प्रति,
मा. उपनिबंधक साहेब,
सहकारी संस्था, ठाणे.

विषय : अध्यक्षपदाचा राजीनामा माझ्या मयत पत्नीच्या इच्छेचे कारण देऊन परत केल्याबाबत.

संदर्भ : सुखशेजार सहकारी गृहनिर्माण संस्था, शांती नगर, मीरा रोड यांचे मला आलेले पत्र, दि. ३ नोव्हेंबर १९९४.

महोदय,

मी पंढरीनाथ राघो शिगवण, वरील संस्थेचा पहिल्यापासूनचा अध्यक्ष. मुंबईत एका औषध कंपनीच्या गोदामावर नोकरीला आहे. माझी पत्नी सुगंधा यंदा वैशाखात वारली. मुलगी क्षितिजा चौथीत शिकते. घरात आता आम्ही दोघेच आहोत.

१. आमच्या इमारतीत नळाला पाणी कमी येते, त्यामुळे टँकरवर भागवावे लागते. टँकर मागवणे, तो उशिरा आल्यास बोलणी खाणे आणि वेळेवर आल्यास पाणी गढूळ का म्हणून बोलणी खाणे, ही अध्यक्षाची कामे आहेत. मी कामावरून आलो की सभासद घरी येतात. बेल वाजवायची त्यांना सवय नाही, कारण दार लावायची मला सवय नव्हती. सुगंधा माझे ताट वाढून झाकून ठेवी. ती म्हणे, "सोसायटीचे तुम्ही मालक असाल, आमच्याकडे मात्र पोटभाडेकरू आहात." मी हसून पुढच्या सभासदाकडे वळत असे.

२. ती गेली त्या दिवशी सर्व सभासद भेटायला आले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या नीलमबेन माझ्यासमोर बसून खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "भाभी बहोत अच्छी थी, भाईसाब. टँकर आज आएगा ना?" टँकर आला. स्मशानातून परतणाऱ्यांना अंघोळीला पाणी लागणार, म्हणून तो मीच सांगून ठेवला होता.

३. दहाव्या दिवशी वरसाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. कावळा समोरच्या झाडावर बसून राहिला, पण खाली येईना. भटजी म्हणाले, "बाईंचं मन कशात तरी अडकलंय. कुणीतरी शब्द द्या." मी म्हणालो, "पोरीला सांभाळीन." कावळा हलला नाही. मेव्हण्यांनी शब्द दिला, तरी हलला नाही. ऊन चढू लागले तेव्हा आमचे सेक्रेटरी श्री. गुणवंतभाई शहा मागून हात जोडून मोठ्याने म्हणाले, "भाभी, टेन्शन नका घेऊ! शिगवणसाहेबांना आम्ही एकटा नाय पडू देणार. चेअरमन तेच राहणार, लाइफटाइम!" त्याच वेळी कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. सभासदांनी नमस्कार केला. गुणवंतभाई हा विधी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते, पण तेव्हापासून त्यांचा कावळ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

४. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली मला शाल व नारळ देण्यात आला. भाषणात गुणवंतभाई म्हणाले, "घर आणि सोसायटीचा बॅलन्स कसा ठेवायचा, ते चेअरमनसाहेबांकडून शिका." सभासदांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी माझ्या घरी नेहमीप्रमाणे माणसे बसली होती. एकेकाची तक्रार ऐकून शेवटच्या खुर्चीकडे पाहिले, तर तिथे क्षितिजा बसलेली. मी म्हणालो, "तुझं काय गं?" ती म्हणाली, "माझा नंबर आता आला. जेवायचं का, बाबा?"

५. मी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. समितीने तो दिवाळीपर्यंत ठेवून घेतला आणि संदर्भीय पत्राने परत केला. पत्रातील वाक्य असे आहे : "कै. सुगंधाभाभींच्या अंतिम इच्छेविरुद्ध जाणे समितीस उचित वाटत नाही. तसेच आता घरी वाट पाहणारे कोणी नसल्याने अध्यक्ष संस्थेस पूर्ण वेळ देऊ शकतील." हे पत्र क्षितिजाने माझ्याआधी वाचले. तिने विचारले, "मग मी काय करते?" याचे उत्तर समितीला देता येत असेल तर त्यांनी ते तिला लेखी द्यावे.

६. पत्र वाचल्यावर तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. दहाव्याला ती पिंडाच्या अगदी जवळ उकिडवी बसली होती. गुणवंतभाई मागून ओरडत होते तेव्हा तीही हळूच बोलली होती. ती म्हणाली होती, "आई, बाबांना मी रोज माझ्याबरोबर जेवायला बसवीन." कावळा तेव्हा आला, असे तिचे म्हणणे आहे. सुगंधाने चेअरमनकीचे नाव कधी प्रेमाने घेतल्याचे मला आठवत नाही. ताट मात्र तिने रोज झाकून ठेवले.

तरी माझी विनंती अशी की, कावळ्याची साक्ष कायद्यात बसत नसेल तर माझा राजीनामा मंजूर करण्यास समितीला सांगावे. बसत असेल तर कावळा कोणाचे ऐकून आला, याचा निवाडा करावा. तो करताना गुणवंतभाई लांब उभे होते आणि मुलगी जवळ होती, हे लक्षात घ्यावे. समितीने तिच्या आईला दिलेला शब्द पाळायचा ठरवला, तर मुलीला तिचा शब्द पाळता येत नाही.

हा अर्ज लिहीत असताना बाहेर चार-पाच सभासद उभे आहेत. दार आज मी आतून लावले आहे. नीलमबेन हाका मारत आहेत, "भाईसाब, घर पे हो क्या?" होय, आज मी घरी आहे. क्षितिजाने दोन ताटे वाढली आहेत आणि भात निवतो आहे, म्हणून इथेच थांबतो.

आपला नम्र,
पंढरीनाथ राघो शिगवण
(अजून तरी अध्यक्ष)
मीरा रोड, दि. ९ नोव्हेंबर १९९४

सोबत : १. राजीनाम्याची प्रत. २. समितीचे पत्र.
साक्षीदार कावळा हजर करणे शक्य झाले नाही. मुलगी बोलावाल त्या दिवशी हजर राहील, फक्त जेवणाची वेळ सोडून बोलवावे.